हक्कसोडावर सही करण्याआधी

ठाण्याला कोर्टनाक्यावर एका वकिलांच्या ऑफिसात मी तेवीस वर्षं काम करते. मी वकील नाही. दस्त टाइप करणं, तारखा लिहून ठेवणं, पार्टीला रजिस्ट्रेशनला घेऊन जाणं, झेरॉक्सवाल्याशी हुज्जत घालणं, हे माझं काम. एवढ्या वर्षांत किती हक्कसोडपत्रं, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचे दस्त, माझ्या हातून गेली याचा हिशोब ठेवला नाही. पण दस्तात ‘लिहून देणार’च्या जागी जवळजवळ दर वेळी बहिणीचं नाव असतं आणि ‘लिहून घेणार’च्या जागी भावाचं. उलटं मी दोनदाच टाइप केलंय, आणि दोन्ही वेळा भाऊ कर्जात बुडालेला होता.

माझं स्वतःचं हक्कसोडपत्र मात्र मी टाइप केलेलं नाही. मी फक्त सही केली. साल १९९९. माझं माहेर घणसोलीचं, आगरी. वडिलांची जमीन नवी मुंबई वसवायला सिडकोनं घेतली, तिच्यावर साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा प्लॉट, परत मिळायचा होता. वारस आम्ही चौघं: आई, दोन भाऊ आणि मी. या साडेबारा टक्क्यांमागे काय काय झालंय ते आमच्या पट्टीत सांगावं लागत नाही. १९८४ साली जासईला जमिनीच्या मोबदल्याच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. त्या आंदोलनात आमच्या घरच्या बायकाही रस्त्यावर बसल्या होत्या. मोर्च्यात बाया चालल्या, प्लॉटच्या यादीत नको होत्या. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी नवी साडी नेसून भावाच्या मागे स्कूटरवर बसले आणि सही करून आले.

तर हे त्या बाईसाठी लिहितेय जिला परवाच फोन आलाय, “बाय, गुरुवारी ठाण्याला ये, एक सही करायचीय.” हिंदू कुटुंबांपुरतं आहे हे. बाकीच्यांचे वारसाचे कायदे वेगळे.

फोनवर हो म्हणू नका. नाही तर मुळीच म्हणू नका. एवढंच म्हणा, “दादा, कागदाचा फोटो पाठव, वाचते आणि येते.” या वाक्यात हक्क हा शब्द नाही, हिस्सा नाही, वकील नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे नवरा नाही. “ह्यांना विचारून सांगते” असं ज्या क्षणी बहीण म्हणते त्या क्षणी तिचा प्रश्न संपतो आणि जावयाचा सुरू होतो. मग घरात बोलणं होतं ते असं, की पोर साधी आहे, जावई शिकवतोय. नवरा खरोखर शिकवत असला तरी त्याला घरी ठेवा. वाचायचंय ते तुम्हाला, असंच दिसलं पाहिजे, आणि तसंच असलं तर आणखी बरं.

शब्दांचं एक सांगते. भाऊ भाऊ वेगळे झाले की आपण म्हणतो वाटणी झाली. बहिणीनं तेच केलं की म्हणतो, हिस्सा मागितला. मागितला! भाऊ कधी मागत नाही, त्याचं असतंच. कायद्यात हा फरक केव्हाच पुसला गेलाय. वडील मृत्युपत्र न करता गेले तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा, मुलगी, विधवा बायको आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळे वर्ग एकचे वारस, सगळ्यांना सारखं. वाडवडिलांच्या एकत्र मिळकतीत मुलगी जन्मानंच हिस्सेदार, ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. आपल्या राज्यात तर १९९४ सालीच तशी दुरुस्ती झाली होती, पण तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती. २००५ला वडील हयात असायला हवेत की नकोत यावर कोर्टांत बरीच वर्षं घोळ होता. ११ ऑगस्ट २०२०ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, नकोत. मुलीचं लग्न कधी झालं हाही प्रश्न उरला नाही. फक्त २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उकरता येत नाही. एवढा कायदा पुरे. बाकीचं सगळं नात्यात अडतं.

आता कागद. भावाकडे मागण्याआधी तुमच्याकडे तुमचे असले पाहिजेत. यात पहिली चूक म्हणजे गावच्या तलाठ्याकडे जाणं. पद सरकारनं ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण आपण तलाठीच म्हणणार. तुम्ही सकाळी अकराला सातबारा मागितलात की दुपारी जेवायच्या आत भावाला कळलेलं असतं, तेही असं की बहीण तलाठ्याकडे चौकशी करतेय. कागद पंधरा रुपयांचा, पण त्यानं दिवाळी जाते. सातबारा मोबाइलवर काढा. सहीचा डिजिटल उतारा पंधरा रुपयांत मिळतो, नुसता बघायचा असेल तर फुकट. त्यावर फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, त्यांचे क्रमांक असतात, वडिलांच्या मृत्यूनंतरचा फेरफार शोधून काढा. त्यात वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का, लागून नंतर कमी झालंय का, हे बघायचं. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. तिथं सर्व्हे नंबर टाकला की इंडेक्स टू निघतो, म्हणजे त्या जमिनीवर कुणी काय दस्त केले त्याची यादी. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना ई-सर्चमध्ये स्वतःचंच कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला दिल्याचा कागद, सापडलं होतं. त्यांना आठवत होतं, मेडिक्लेमच्या कागदावर सही केली.

नवी मुंबईच्या मूळ गावांत आणखी एक घोळ आहे. जमीन संपादित झालेली, त्यामुळे सातबाऱ्यावर वडील नाहीत, सिडको किंवा शासन आहे. तुमचा हक्क सातबाऱ्यात नसून सिडकोच्या फायलीत आहे. भूसंपादनाच्या निवाड्यात कोणाचं नाव, वारस दाखल्यात कोण कोण, वाटपपत्र कुणाच्या नावे. बेलापूरच्या सिडको भवनात माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पोस्टानं पाठवा. स्वतः गेलात तर रांगेत गावचाच कुणीतरी भेटणार आणि “काय गो, इकडं कशी?” विचारणार. गावठाणातल्या घरांचं तर त्याहून अवघड, कित्येक घरांना घरपट्टीची पावती हाच कागद. ती आधी आजोबांच्या नावे, मग वडिलांच्या, मग नकळत थोरल्या भावाच्या झालेली असते. जुनी पावती आईच्या ट्रंकेत असते. आईला सांगून घ्या, चोरून नको.

कागद आले, आता दस्त वाचायचा. माझ्या दस्तातलं एक वाक्य अजून पाठ आहे मला. वर प्लॉटचं वर्णन, गाव, क्षेत्र, सगळं नीट, आणि खाली:

“तसेच कै. वडिलांचे नावे असलेल्या व यापुढे निष्पन्न होणाऱ्या इतर सर्व स्थावर व जंगम मिळकतींमधील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय व कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे.”

या वाक्याला नख लावून बघा. ‘तसेच’पासून पुढचं काहीच प्लॉटचं नाही. ‘इतर सर्व’ म्हणजे गावठाणातलं घर, जिथं मी जन्मले. ‘यापुढे निष्पन्न होणाऱ्या’ म्हणजे जे अजून कुणाला माहीत नाही तेही. मला सांगितलं होतं प्लॉटपुरतं आहे, आणि भावांनाही तसंच वाटत होतं. मी त्यांना दोष देत नाही. दस्त लिहिणाऱ्यानं आपल्या साच्यातला परिच्छेद तसाच ठेवला. आता मी स्वतः त्या धंद्यात आहे म्हणून सांगते, हा परिच्छेद साच्यातच असतो, कुणी मुद्दाम घालत नाही. पण काढायचा असेल तर मुद्दाम काढावा लागतो. आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द वाचताना आठवा, फोनवर तुम्ही काय बोललात.

हे मोघम वाक्य कोर्टात कितपत टिकलं असतं तो वेगळा मुद्दा. कोर्टात जाणार कोण होतं? २०१२ साली माझे यजमान गेले. कळव्याची भाड्याची खोली परवडेना, मुलगी बारावीला. मी घणसोलीला वरच्या खोलीत चौदा महिने राहिले. थोरला भाऊ म्हणाला, “कागद गेला चुलीत, घर तुझाच हाय.” आणि ते खोटं नव्हतं. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्यानंच भरली, एकदाही बोलून दाखवलं नाही. पण त्या चौदा महिन्यांत भिंतीला खिळा ठोकायचा तर मी वहिनीला विचारत होते. वहिनी कधी नाही म्हणाली नाही. मी विचारत होते, एवढंच. ज्याचं नाव घरावर असतं तो विचारत नाही, ठोकतो. म्हणून मी कुणाला भावाशी भांड असं सांगत नाही आणि डोळे मिटून सही कर असंही सांगत नाही.

कारण बहीण हक्क सोडते तेव्हा ती फुकट सोडत नाही, असं माझं मत झालंय. मोबदला ‘नाही’ असं दस्तात लिहितात, पण तो असतो: भाऊबीज, पहिलं बाळंतपण, मुलीच्या लग्नात मागे उभा राहणारा मामा, आणि सासरी काही झालंच तर परत यायला एक दार. हा सगळा व्यवहार तोंडी आणि न बोलता. त्यामुळे एक बाजू कागदावर पक्की होते आणि दुसरी हवेत राहते. बाईला वाटतं आपण माहेर राखलं. भावाला तसं वाटतं का हे पुढच्या पिढीत कळतं, भाचे मोठे झाले की. भावाला आठवण असते. भाच्याला इंडेक्स टू असतो.

म्हणून माझं सांगणं असं की सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण कागदावर काय सोडताय आणि काय नाही ते वेगळं करा. प्लॉट सोडा, घरातली खोली ठेवा. शेत सोडा, बिल्डर आला तर मिळणाऱ्या फ्लॅटांपैकी एकात नाव ठेवा. आणि नाव नुसतं राहू दिलं तरी काही बिघडत नाही, हेही भावाला समजावून सांगता येतं. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव असलं म्हणून भात पेरायचं थांबत नाही. अडतं ते विकताना किंवा सिडको, प्लॉटवाले आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करारनामा करताना, कारण तेव्हा तिची सही लागते. नेमकी तीच वेळ येण्याआधी सही आटपून घ्यायची घाई असते.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगते आणि त्यावर आमच्या साहेबांशीही वाद घातलाय: आईला हक्कसोड करू देऊ नका. तीही वारस असते, हे सगळेच विसरतात, ती पहिली. मुलं म्हणतात, आई, तुला काय करायचंय, आम्ही आहोत ना. मग म्हातारीचं नाव आधी निघतं आणि ती हॉलमधल्या दिवाणावर येते. तिला द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करू दे, मरेपर्यंत ते बदलता येतं. आणि करूनच दिलं असेल तर २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे दस्त रद्द करून मागता येतो, पण सांभाळायची अट दस्तात लिहिलेली असेल तर बाजू भक्कम होते. अट लिहिताना मुलाला अपमान वाटतो, वाटू दे. लिहिली की त्याचाही धाकटा भाऊ त्याला पुढे बोलू शकत नाही.

बोलायचं कुणाशी? आधी भावाशी नाही. एका कागदावर लिहून काढा, मी सही केली नाही तर कोण कोण माझ्याशी बोलणं टाकेल. खरोखर नावं लिहा. मी हे ऑफिसात बायकांकडून लिहून घेते, पाण्याचा ग्लास पुढे ठेवून. दहातल्या आठ जणी भावाचं नाव शेवटी लिहितात किंवा लिहीतच नाहीत. वर असते आई, मोठी काकी, गावातला एखादा पुढारी चुलता, कधी दुसरी बहीण जिनं आधीच सही करून टाकलीय. ती सगळ्यात कडक असते, कारण तुम्ही नाही केलीत तर तिनं का केली हा प्रश्न उभा राहतो. जे नाव वर आहे तिथं आधी जायचं. आणि वहिनीशी बोला. वहिनी शत्रू हे सिरियलवाल्यांचं डोकं. वहिनीही कुठल्यातरी घरची बहीण आहे आणि तिच्या माहेरी तिच्याकडूनही सही घेतलेली असते. “तुमच्याकडं कसं झालं गो?” एवढं विचारा आणि गप्प बसा. मला एका बाईंनी येऊन सांगितलं होतं, वहिनी अर्धा तास बोलली आणि शेवटी म्हणाली, ताई, खोली ठेवा तुम्ही, मी बघते ह्यांना.

वेळही बघायची. दहाव्या-बाराव्याला सगळे जमलेत तर उरकून घेऊ, म्हणून कागद काढतात. तेव्हा कुणी नाही म्हणत नाही, डोळ्यांत पाणी असतं. “वारस नोंदीला सही लागते” असं त्या वेळी सांगतात. हे नीट समजून घ्या. वारस नोंद म्हणजे सगळ्या वारसांची नावं लावणं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, अर्ज लागतो. त्यासाठी कुणाला हक्क सोडावा लागत नाही. हक्कसोड लागतं ते लागलेलं नाव काढायला. दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून निघतात म्हणून एकच वाटतात. वारस नोंदीवर सही करा, दुसरा कागद महिनाभर ठेवून घ्या. हक्क सोडायला कायद्यात कुठलीही शेवटची तारीख नाही.

मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटवाल्यांचं थोडक्यात सांगते. वडिलांनी सोसायटीत भावाला नॉमिनी केलं असेल तर सेक्रेटरी म्हणतो, नॉमिनी म्हणजे मालक. नाही. आपल्या सहकार कायद्यात नॉमिनी हा तात्पुरता सदस्य, वारस ठरेपर्यंत फ्लॅट सांभाळणारा. पण सेक्रेटरी आणि भाऊ रोज सकाळी तलावपाळीला एकत्र फेरी मारतात, आणि तुम्ही डोंबिवलीला. म्हणून तोंडी बोलू नका. दोन ओळींचं पत्र द्या: मीही वारस आहे, मला कळवल्याशिवाय शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवू नये. दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा आवक शिक्का घ्या, नाहीच दिला तर स्पीड पोस्टानं. त्याच दिवशी भावाला सांगा की पत्र दिलंय. नंतर दुसऱ्याकडून कळलं तर ते पत्र राहत नाही, नोटीस होते.

विधवा सुनेची गत आणखी वेगळी. सासऱ्याच्या आधी मुलगा गेला तर त्याची बायको आणि मुलं त्याच्या हिश्शाला उभी राहतात, तीही वर्ग एकमध्ये. कायदा तिच्या बाजूनं स्वच्छ आहे, पण तिला विचारणारं घरात कुणी नसतं. बहिणीला निदान माहेर म्हणायला तरी असतं. खारीगावच्या एका पोरीचं नाव लागलं ते जावेमुळे. जाऊ फेरफारच्या वेळी मंडळ अधिकाऱ्यासमोर बोलली, “हिची दोन पोरं हायेत, ती कोणाची?” कागद मी केले होते, पण त्या वाक्याशिवाय ते नुसते पडून राहिले असते.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात काय होतं ते सांगते, कारण तिथं गेल्यावर बायका गांगरतात. टोकन मिळतं. लाकडी बाकावर बसायचं, बहुतेक वेळा वहिनी हात धरून शेजारी. दोन ओळखदार लागतात, ते भावानं आणलेले असतात, त्यामुळे तुमच्या बाजूचं तिथं कुणी नसतं. एक ओळखदार तुम्ही आणा. नाव पुकारलं की आत. कॅमेऱ्यात बघा, फोटो. मग अंगठा. शेतात, मासळीत किंवा भांड्यात आयुष्य गेलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही. पदराला पुसायचा, परत ठेवायचा, परत पुसायचा. भाऊ मागून म्हणतो, जोरात दाब. बाहेर रांग कुरकुरते. या सगळ्यात साहेब विचारतात, “दस्त करून दिला, मान्य आहे ना?” मी कितीदा ऐकलंय उत्तर: “भावालाच देते ना.” साहेब ते हो धरतात.

तो प्रश्न खरा आहे हे लक्षात ठेवा. तुम्ही मान्य म्हणाल तरच नोंदणी पुढे सरकते. स्थावराचं हक्कसोड नोंदवल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे शंभर-पाचशेच्या बाँडवर घरी घेतलेल्या सहीनं जमीन जात नाही. मुद्रांक मात्र स्वस्त. रक्ताच्या नात्यात वाडवडिलांच्या मिळकतीचं हक्कसोड पूर्वी दोनशे रुपयांत व्हायचं, आता पाचशेत होतं. भावाला दिलेला सदनिकेचा हिस्सा विकत दिला असता तर लाखांत मुद्रांक लागला असता. सरकारनं नात्याला सवलत दिली, ती कुणाच्या उपयोगाला आली ते मी रोज बघते. आणि हक्कसोड परवडलं पण कुलमुखत्यारपत्र नको, असं मी बायकांना सांगते. मुखत्यारपत्र रद्द करता येतं खरं, पण तुम्ही रद्द करायच्या आत तिऱ्हाइताला विकून मोकळे झालेले असतात, आणि मग भांडण भावाशी राहत नाही, बिल्डरशी होतं.

झालेली सही फसवून किंवा दबावानं घेतली असेल तर दस्त रद्द करायचा दावा कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. तीन वर्षं म्हणजे तीन राख्या. ताई गप्प राहते, यंदा बोलू, पुढच्या वर्षी बोलू, आणि चौथ्या राखीला आमच्याकडे येते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७च्या विधी सेवा कायद्यानं. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि विधी सेवेचा देशभरचा फोन नंबर १५१००. तिथं दावा लावण्याआधी मध्यस्थी मागता येते, आणि मी तीच आधी मागायला सांगते. वाटपाचा दावा एकदा लागला की भाऊ आणि बहीण समोरासमोर येतात ते फक्त तारखेला, कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये, एकमेकांकडे न बघता. चहाच्या टपरीवरसुद्धा एक उठला की दुसरा बसतो.

गेल्या वर्षी तळवलीच्या एक ताई आल्या होत्या सहीला. बासष्ट वय. दस्त दुसऱ्याच कुणी टाइप केला होता, आमच्याकडे फक्त ओळखदार कमी पडला म्हणून मला बोलावलं. बाकावर बसल्या बसल्या मी विचारलं, वाचलात का? म्हणाल्या, चष्मा घरी राहिला. मी माझा दिला. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, ‘तसेच’पाशी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, माझं ते काम नव्हतं. टोकन पुकारलं तेव्हा उठून म्हणाल्या, “दादा, मला चक्कर येतेय, आज नको.” आणि सरळ स्टेशनला जाऊन ठाणे-वाशी गाडीत बसल्या. भाऊ माझ्यावर चिडला. चिडणारच, त्याची सुट्टी गेली होती.

दीड महिन्यानं परत आले. मधल्या काळात काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही. वहिनीनं काहीतरी केलं एवढं कळलं, कारण या वेळी डबा तिनं आणला होता, चिंबोऱ्यांचा, आणि बाकावर सगळ्यांना वाढला. दस्त नवीन होता. ‘तसेच’चा परिच्छेद नव्हता. भावानं तो स्वतः हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागला, बहिणीला ऐकू जावा म्हणून, आजूबाजूचे बघत होते तरी. घराच्या चतुःसीमा आल्या. पूर्वेस गल्ली, पश्चिमेस शेजाऱ्याची भिंत, दक्षिणेस विहीर. तिथं तो थोडा थांबला, चष्मा सारखा केला आणि वाचलं, “उत्तरेस लिहून देणार यांची खोली.”